सांत्वनाच्या उशा

पडदेवाल्या बाईंकडे राग पाहुण्यासारखा येत नसे. तो घरातच राहायला होता. सकाळी दूध उशिरा आलं की तो डोळे चोळत उठून बसे, आणि दुपारी एखाद्या गिऱ्हाइकानं खिडकीचं माप अंदाजानं सांगितलं की कमरेवर हात ठेवून उभा राही.

"अंदाजे म्हणजे? तुमची खिडकी अंदाजे बसवलीय का भिंतीत?"

गिऱ्हाईक मुकाट घरी जाई, खिडकी मोजून परत येई. दुसऱ्या दुकानात जायची सोय नव्हती असं नाही. पण बाईंनी शिवलेला पडदा धुऊन धुऊन विरला तरी त्याची दुमड सुटत नसे, आणि दोन पडद्यांवरची फुलं मधोमध अशी जुळत की जोड कुठे आहे ते बोटानं चाचपून पाहावं लागे. अशा कामासाठी माणूस चार शब्द ऐकून घेतो. बाईंकडे ते चाराचे चाळीस होत, एवढंच.

दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर, जिना आणि लिफ्ट यांच्यामधली एक चिंचोळी खोली. एक शिलाई मशीन, कापडं कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेले गठ्ठे. आत दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. शेजारून लिफ्टची घरघर दिवसभर चाले. ही लिफ्ट, आणि आसपासच्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट चालू ठेवायचं काम बाईंच्या नवऱ्याकडे होतं. त्यामुळे त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. उंच, सडपातळ, हाताला कायम वंगणाचा वास. दोघांचा संसार असा की एकीनं बोलायचं आणि दुसऱ्यानं "बघतो" म्हणायचं. नळ गळतोय, बघतो. मुलीची चप्पल तुटली, बघतो. शेजारच्यांनी पुन्हा आपल्या दारात कचरा ठेवला, बघतो. आणि गंमत म्हणजे लिफ्टवाले खरंच बघायचे. बाईंची चिडचिड एका बाजूनं आत जायची आणि दुसऱ्या बाजूनं दुरुस्त होऊन बाहेर यायची.

असा माणूस एका दुपारी पलीकडच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून, हात पुसून, पायरीवर जरा टेकला तो टेकलाच. पुन्हा उठला नाही.

आणि मग लोक आले.

मृत्यू एकदाच येतो आणि काम उरकून जातो. त्यानंतर येणारी माणसं मात्र जाता जात नाहीत. पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. जन्मभर मुलांना निबंध लिहायला लावून त्यांचं स्वतःचं बोलणंही निबंध झालं होतं. त्यांना आधी प्रस्तावना लागे. खुर्चीवर बसून, चष्मा पुसून ते म्हणाले, "बाई, आयुष्य हा एक प्रवास आहे आणि मृत्यू हे केवळ एक स्टेशन आहे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना विचारायचं होतं की तिकीट कुणी काढलं, आणि सामान न घेता माणूस असा मध्येच कसा उतरतो. पण तेवढ्यात चहा आला. त्यामुळे हेडमास्तरांचा उपसंहारही पार पडला.

मग कोपऱ्यावरचा औषधवाला आला. त्याला शांतता सोसत नाही. दोन मिनिटं कुणी बोललं नाही की त्याच्या घशात विनोद अडकतो. तो म्हणाला, "साऱ्या गावाला वर नेलं, आता स्वतः वर गेले." मग स्वतःच दचकला, आणि त्या वाक्यावर पांघरूण घालायला खोकत बसला. त्याच्याच दुकानातलं खोकल्याचं औषध घरात होतं. ते बाईंनी दिलं नाही.

सर्वांवर कडी केली ती नणंदेनं. लिफ्टवाल्यांची थोरली बहीण. पायरीपासून रडत आली, बाईंना मिठी मारली आणि म्हणाली, "अगं, त्यातल्या त्यात तुझं बरं म्हणायचं. झटकन सुटला. आमच्या यांनी किती हाल काढले!" तिथून तिनं आपल्या नवऱ्याचं दुखणं सांगायला घेतलं. पहिला दवाखाना, दुसरा दवाखाना, डॉक्टरचा तिरसट स्वभाव, पथ्य, दुसरं पथ्य. शेवटी तिला इतकं भरून आलं की बाईंनीच उठून तिला पाणी दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. स्वतःच्या नवऱ्याच्या मृत्यूला आठवडा व्हायच्या आत बाई नणंदेचं सांत्वन करत होत्या!

देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, असं तर जिने झाडणारीपासून बँकेच्या साहेबापर्यंत प्रत्येकानं सांगितलं. "मग हेडमास्तर अजून इथे कसे?" असं बाईंनी एकदा लेकीला विचारलं. लेक हसली नाही. ट्रे उचलून आत गेली.

"काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणणाऱ्यांची तर रांग लागली होती. पुढच्या महिन्यात बाईंनी दुकान उघडलं तेव्हा याच हक्काच्या माणसांना लिफ्टमधून उतरताना हातातल्या फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं. माना खाली घालून सगळी मंडळी दुकानावरून अशी जात की जणू जमिनीवर काहीतरी सांडलंय. आधी बोलून छळलं, आता न बोलून! बाई मशीनचं पायडल असं दाबत की सुईलाच धाप लागे.

या सगळ्यात लेकीनं एक शब्दही काढला नव्हता. लेकीचं घरातलं नाव बबडी. कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती. माणसं येत तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा करी, आणून देई, कप गोळा करी, धुई. "पोरगी धीराची," असं बाई सगळ्यांना सांगत. त्याचा त्यांना अभिमानच होता.

वर्ष उलटता उलटता एका सकाळी ही धीराची पोरगी दुकानात आली आणि म्हणाली, "आई, मला उशा शिवून हव्यात. सोफ्यावरच्या असतात तशा. बऱ्याच."

"माप?"

"अंदा..." म्हणताना लेकीनं जीभ चावली आणि टेप घेऊन हवेत एक उशी मोजून दाखवली.

वर्षाअखेरच्या प्रदर्शनासाठी हव्या होत्या. प्रत्येक उशीवर अक्षरं हवी होती. लेक कापडावर खडूनं अक्षरं काढून देणार, बाईंनी त्यावरून जाड दोऱ्याची शिलाई फिरवायची. बाईंनी हॉटेलांची, वाचनालयाची, कुठल्याशा क्लबची नावं अशीच शिवलेली होती. अशा कामात वाचायचं नसतं. सुई जागची हलत नाही, कापड फिरवावं लागतं. त्यामुळे अक्षरं कधी आडवी, कधी पालथी होऊन समोरून सरकत जातात. बाईंच्या लेखी तिथे काना नव्हता, वेलांटी नव्हती. होती ती फक्त वळणं. डोक्यावरची रेघ तेवढी सुतात हवी, हा त्यांचा हट्ट.

अक्षरं झाली, मागचं कापड जोडलं, तीन बाजू शिवल्या. उशी उलटी शिवतात आणि शेवटी सुलट करतात. बाईंनी पहिली उशी सुलट केली, काटकीनं कोपरे बाहेर काढले, आत फोम कोंबला, दोन थापट्या मारल्या आणि टेबलावर उभी केली. उशी त्यांच्याकडे बघून म्हणाली:

मृत्यू हे केवळ एक स्टेशन आहे.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. स्टेशन होतं तिथंच होतं.

दुसरी उशी त्यांनी फोम न भरताच सुलट केली. त्यातल्या त्यात तुझं बरं. तिसरी. आता स्वतः वर गेले.

"बबडे!"

ही हाक लिफ्टच्या पोकळीतून थेट गच्चीपर्यंत गेली. लेक खाली आली तेव्हा बाई एक भरलेली आणि दोन पोकळ उशा हातात घेऊन उभ्या होत्या, मेलेले मासे धरावेत तशा.

"हे काय आहे?"

"उशा आहेत, आई."

"ते मला शिकवू नकोस. हे हेडमास्तरांचं. हे तुझ्या आत्याचं. आणि हे त्या खोकल्याचं! तू तर आत होतीस."

"आत सगळं ऐकू येतं."

"म्हणजे लोक माझ्या उरावर बसत होते आणि तू आत बसून वाक्यं गोळा करत होतीस?"

"गोळा नाही केली. डोक्यातून जातच नव्हती. चहा गाळताना एक, कप धुताना एक. अजून येतात."

"मग झोपताना पाणी पी! माझ्या दुःखाच्या उशा करून गावाला टेकायला देणार होय?"

लेकीनं समजावून बघितलं. एक लांब बाकडं असेल, त्यावर उशा असतील. लोकांनी बसायचं, उशी मांडीवर घ्यायची, वाचायचं. हाताला मऊ लागतं आणि वाचलं की टोचतं.

"सुई टोचते. उशी टोचल्याचं मी आजवर ऐकलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिन्ही उशा टेबलाखाली भिरकावल्या.

त्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून जिन्यावरची माणसं दबकत चालत होती. संध्याकाळपर्यंत मात्र तो आवाज बदलला. रागात एक गुण आहे. त्याला नवीन पत्ता मिळाला की तो जुनं घर सोडतो. हेडमास्तर ती उशी मांडीवर घेऊन बसलेत, वाचतायत, त्यांचा चेहरा उतरतोय, असं चित्र शिवता शिवता बाईंच्या डोळ्यांपुढे आलं आणि ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी वाकून टेबलाखालच्या उशा काढल्या.

पुढचे काही दिवस त्यांनी पडद्यांची गिऱ्हाइकं वाटेला लावली. हेडमास्तरांसाठी त्यांनी दुकानातलं सर्वांत कुरूप कापड काढलं. मोहरीच्या रंगाचं, त्यावर तपकिरी बदकं. कुणी फुकटही नेलं नव्हतं. नणंदेच्या उशीला झालर लावली, "कारण तिचं कुठलंही बोलणं झालरीशिवाय नसतं." लेकीनं न ऐकलेली वाक्यंही त्या स्वतःहून पुरवू लागल्या.

"हे घे. भाजीच्या दुकानात एकीनं म्हटलं होतं. 'आता वेळ जायला एखादा छंद लावून घ्या.' वेळ जायला! दिवसाला सतरा पडदे शिवते मी! आणि हे, काळ हेच औषध. हे तर औषधवाल्याच्याही आधी दोघांनी सांगितलं."

"आई, हा सूड नाहीये. कला आहे."

"असू दे की. एका शिलाईत दोन्ही होतं."

"त्यांना लाजवायचं नाहीये गं मला. त्यांना काहीतरी चांगलंच म्हणायचं होतं, जमलं नाही. मला तरी कुठे जमलं? मी नुसता चहा करत राहिले."

यातलं शेवटचं बाईंना ऐकू गेलं नाही. मशीन चालू होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून घराबाहेर पडल्या आणि कधी नव्हे ते हसतमुखानं परत आल्या. हेडमास्तर, औषधवाला, नणंद. प्रत्येकाच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आल्या होत्या. लेकीच्या हातातला ब्रश खाली पडला.

"आई! बोलावलंस? त्यांना?"

"आग्रहानं. म्हटलं, तुमच्याशिवाय हे प्रदर्शन झालंच नसतं."

कला महाविद्यालयाचं दालन म्हणजे पांढऱ्या भिंतींची लांबलचक खोली. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि ती टाचणीही बहुधा कुणाची तरी कलाकृती. एका कोपऱ्यात कुणी बुटांचा ढीग मांडला होता. बाईंनी तो बघून "आपले काढायचे का?" असं विचारलं. मधोमध लांब बाकडं, त्यावर ओळीनं उशा. शेजारी पाटी: 'टेकायला काहीतरी'. बाई खांबाशी जागा धरून उभ्या राहिल्या, पहिल्या अंकाला पडदा उघडायची वाट बघावी तशा.

हेडमास्तर आले. बाकड्यापाशी गेले, वाकले, वाचलं. बाईंनी श्वास रोखला.

"अरे!" हेडमास्तर म्हणाले. "हे माझं आहे!"

आणि तो म्हातारा खुलला! त्यानं बदकांची उशी उचलून छातीशी धरली, शेजारच्या दोन विद्यार्थ्यांना बोलावलं, वाक्य आपण कुणाला, कधी, कुठल्या खुर्चीत बसून म्हणालो ते सांगितलं आणि मग मूळ वाक्याच्या पुढचे मागचे जे मुद्दे उशीवर मावले नव्हते ते तोंडी पुरे केले. विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. एकानं त्यांचा उशीसकट फोटो काढला.

नणंदेला आपलं वाक्य सापडलं ते झालरीमुळे. "बघा, किती जपून ठेवलंय पोरीनं," असं म्हणून ती उशी पोटाशी धरून ती रडायला बसली, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला तिनं पहिल्या दवाखान्यापासून सांगायला सुरुवात केली. औषधवाला बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला. आपल्या वाक्यावर दुसरंच कुणी तरी बसलंय हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो तोंड पाडून बाईंकडे आला.

"आमचं नाही घेतलं कुठलं?"

बाईंची कानशिलं तापली. वर्षभर साठवलेला राग, इतकी कापडं, इतका फोम, आणि हे लोक सत्काराला आल्यासारखे हसत होते! एकाची मान खाली गेली नव्हती. उलट येणारे-जाणारे उशा मांडीवर घेत होते, "अगदी आपल्याकडे म्हणतात तसंच" म्हणत होते, एक मुलगी तर 'रडू नकोस'वर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती. उशा शिवल्या कशासाठी, आणि लोक त्यांवर झोपतात काय!

लेकीला हे सुनवायलाच त्या बाकड्याच्या टोकाशी निघाल्या. लेक तिथे भिंतीला टेकून उभी होती. आणि वाटेतच त्यांची नजर शेवटच्या उशीवर पडली.

ती उशी त्यांची नव्हती.

अस्तराच्या पांढऱ्या कापडाची होती. अस्तर कुणी बाहेर लावतं? हातानं शिवलेली होती, टाके एवढे मोठे की त्यातून बोट जावं. अक्षरांवरची रेघ खालीवर झाली होती, एका कोपऱ्यातून फोम बाहेर डोकावत होता. आणि हे भिकार काम त्यांच्या कामाच्या ओळीत, त्यांच्या नावावर!

"ही कुणी शिवली?"

"मी," लेक म्हणाली.

"मला सांगायला काय झालं होतं? एक उशी जड झाली असती का मला?" बाईंनी उशी उचलली, उसवायच्या बेतानं उलटसुलट केली आणि मग वाचली.

आईबाप सगळ्यांचेच जातात.

बाईंचा पारा जो चढला तो पांढऱ्या छतापर्यंत.

"हे कोण म्हणालं? मला तर कुणी म्हटलं नाही. तुला म्हटलं? बाप गेलेल्या पोरीला? नाव सांग. आत्ताच्या आत्ता जाते त्याच्या घरी, उशीच कोंबते तोंडात!"

दालनातली माणसं वळून बघू लागली. बाई मनातल्या मनात एकेकाला धरून बघत होत्या. हेडमास्तर? ते मुलीशी बोललेच नव्हते. नणंद? तिनं तर दुसऱ्या कपात साखर जास्त सांगितली होती, तेवढंच. मुलीला भेटायला असं कुणी आलंच नव्हतं. सगळे बाईंना भेटायला आले होते आणि मुलीच्या हातचा चहा पिऊन गेले होते.

"सांग ना. कोण?"

"तू," लेक म्हणाली.

"मी?"

"दुकानात. मी बाबांच्या हत्यारांची पिशवी घेऊन आले होते, कुठे ठेवू विचारायला. मला रडू आलं. तू शिवत होतीस. म्हणालीस, आईबाप सगळ्यांचेच जातात, तुझ्यापुढे आयुष्य पडलंय, मी काय करू ते सांग."

बाईंना आठवलं. हलक्या निळ्या पडद्यांची ऑर्डर होती. पायडलवरून पाय उचलला नव्हता. मानही वळवली नव्हती. फुलं जुळवायची होती.

"अगं, त्या वेळी माझी अवस्था..."

"माहीत आहे, आई."

"माहीत आहे तर उशी केलीस?"

"माहीत असूनही डोक्यातून जात नव्हतं."

बाईंनी तोंड उघडलं. मला कळतं गं तुझं दुःख, असं म्हणावं. ते हिरव्या उशीवर होतं. झालं ते झालं. ते नणंदेच्या पाठीमागच्या उशीवर होतं. काळ हेच औषध, रडू नकोस, धीर धर, बाबांना आवडलं असतं का असं. जे जे ओठांवर यावं ते ते समोर बाकड्यावर मांडलेलं. सगळं त्यांच्याच हातचं, दुहेरी दोऱ्यानं पक्कं केलेलं. मराठीत पोरीची समजूत घालायला म्हणून एक वाक्य त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात हेडमास्तर उशी सावरत आले. "बाई, तिला म्हणावं, आयुष्य..."

"हेडमास्तर, एक अक्षर काढायचं नाही!"

ज्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्यांना गप्प बसवलं होतं, तो गप्प बसला.

बाई बाकड्यावर बसल्या. दोन उशा ढकलून त्यांनी शेजारी जागा केली आणि लेकीला हाताला धरून तिथे बसवलं, जरा जोरातच.

"सांग."

"काय सांगू?"

"तुझ्या बाबांचं. मला माहीत नसलेलं."

"इथे?"

"इथेच. घरी गेले की मी मशीनवर बसेन. माझं मला ठाऊक आहे."

लेक बराच वेळ पांढऱ्या उशीतून बाहेर आलेला फोम आत दाबत राहिली. बाईंना तो कोपरा दोन टाक्यांत बंद करता आला असता. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

"मी गणितात नापास झाले होते," लेक म्हणाली. "सहावीत."

"नापास? कधी? मला कुणी..." बाईंनी दात ओठांत रुतवले.

"बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो. मग मला वरच्या मजल्यावर नेलं, किल्लीनं लिफ्टचं दार उघडलं. आत लिफ्ट नव्हतीच, तिचं छत होतं. आम्ही त्या टपावर उतरलो आणि बसलो. तिथे एक बटण असतं. ते दाबलं की लिफ्ट मुंगीच्या पावलानं खाली जाते. काळोख होता. दोर तेलकट होते. प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून थोडा उजेड यायचा आणि त्या त्या घरांचे आवाज. हेडमास्तरांचा रेडिओ. कुणाचं तरी भांडण. अगदी खाली आलो तेव्हा तुझं मशीन. तू कुणाला तरी झापत होतीस. बाबा म्हणाले, ऐक, आई चिडलीय. आज तिला नको सांगूया. मूड बघून सांगू."

"मग?"

"मूड काही आलाच नाही."

बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"टपावर? लिफ्टच्या टपावर? माझ्या पोरीला? दोराला हात लागला असता, पाय सटकला असता, आणि तो माणूस मला तोंड वर करून सांगायचा की जरा वंगण घालून येतो! आज जिवंत असता ना, तर जीव घेतला असता मी त्याचा!"

नणंद दुसऱ्या दवाखान्यात थबकली. हेडमास्तरांच्या हातून बदकं निसटली.

आणि लेक हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, आणि हसता हसताच कधी तरी तिचं रडं सुरू झालं. चहाच्या त्या ट्रेमागे वर्षभर दाबून धरलेलं. आवाज आवरत नव्हता. सगळे बघत होते. बाईंना तिला थांबवायची इतकी घाई झाली होती की बोटं शिवशिवत होती. थांबवायला वाक्य नव्हतं आणि हातांना दुसरं काम नव्हतं. शेवटी त्यांनी पोरीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. ठेवणीतल्या कपड्यांचा खांदा भिजू लागला. त्याचाही त्यांना राग आला, पण तो त्यांनी तिथेच बसवून ठेवला.

"एकदाच नेलं होतं ना?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

लेकीनं खांद्यावरच मान हलवली. नाही.

"मग?"

"दर रविवारी."

"दर रवि...! वंगण?"

"वंगणही घालायचे," लेक हुंदक्यातून म्हणाली.

"अजून काय काय लपवलंत दोघांनी माझ्यापासून? सगळं सांग," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेलाच होता. "एकही गाळायचं नाही."

मनगटाच्या मागच्या बाजूनं नाक पुसून लेक सांगू लागली.